रिझर्व्ह बँकेची लोकपाल सेवा : बँकेने कापलेले पैसे परत मिळवताना

ज्या सेवेविषयी हे लिहीत आहे तिचे पूर्ण नाव, आम्ही ती २०२४ मध्ये वापरली तेव्हा, ‘रिझर्व्ह बँक – एकात्मिक लोकपाल योजना, २०२१’ असे होते, आणि पुढे दिलेले नियम त्याच योजनेचे आहेत. लोकपाल म्हणजे बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी. तिला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि आमच्या सांगलीत तिचे कार्यालयही नाही. माझ्या आत्याच्या बचत खात्यातून तिच्या बँकेने जवळजवळ दोन वर्षे थोडी थोडी करून कापलेली रक्कम, शाखेने आणि बँकेच्या मुख्यालयाने दाद न दिल्यावर, या सेवेमार्फत २०२४ मध्ये परत मिळाली. बँकेचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्या कारणांखाली पैसे कापले गेले ती कारणे अनेक बँकांच्या शुल्कपत्रकांत थोड्याफार फरकाने आढळतात, त्यामुळे वाचकाला नावापेक्षा मार्गाचा उपयोग अधिक होईल असे मला वाटते.

कापलेल्या रकमेचा तपशील आधी देते. खात्यातील मासिक सरासरी शिल्लक ५,००० रुपयांच्या खाली गेली म्हणून आठ महिन्यांत प्रत्येकी ३५४ रुपये, म्हणजे ३०० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के दराने ५४ रुपये वस्तू व सेवा कर. मोबाइलवर येणाऱ्या संदेशांसाठी दर तिमाहीला १७ रुपये ७० पैसे, अशा सहा तिमाही. आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेच्या हप्त्यापोटी २० रुपये, दोन वेळा. एकूण बेरीज २,९७८ रुपये २० पैसे होते. हा आकडा ऐकून ‘एवढ्यासाठी कुठे मागे लागता’ असे सुचवणारे बरेच भेटले. आत्याचे उत्पन्न म्हणजे पतसंस्थेतील ठेवीचे व्याज आणि गावभागातील घराच्या एका खोलीचे भाडे. तिच्या हिशेबात ही रक्कम महिन्याभराच्या किराण्याहून जास्त आहे. शिवाय लहान वजावटीचा गुणच असा की कोणाही एका खातेदाराला तिच्यासाठी भांडणे परवडत नाही आणि बँकेच्या वहीत मात्र बेरीज मोठी होते. जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत केवळ किमान शिल्लक न राखल्याच्या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये वसूल केले, आणि तेही स्टेट बँकेने बचत खात्यांवरचा हा दंड मार्च २०२० मध्येच बंद केलेला असताना. खासगी बँकांची वसुली या आकड्यात नाही.

पासबुकात या नोंदी ज्या त्रोटक इंग्रजी अक्षरांत छापल्या जातात, त्या वाचून खातेदाराला काही बोध होऊ नये अशीच व्यवस्था असावी अशी शंका येते. म्हणून पासबुकावर न थांबता संपूर्ण कालावधीचा खाते उतारा मागवून घ्यावा, आणि प्रत्येक वजावटीसमोर पेन्सिलीने कारण लिहीत जावे. सरासरी शिल्लक हा प्रकार येथे नीट समजून घ्यावा लागतो, कारण ‘माझ्या खात्यात तर महिन्याच्या सुरुवातीला आठ हजार होते’ हा युक्तिवाद बँकेपुढे टिकत नाही. महिन्यातील प्रत्येक दिवसअखेरची शिल्लक मिळवून तिला दिवसांच्या संख्येने भागले जाते. पंधरा दिवस ८,००० आणि पंधरा दिवस १,००० रुपये असतील तर सरासरी ४,५०० येते आणि खाते दंडास पात्र ठरते. हा हिशेब आम्ही प्रत्येक महिन्यासाठी करून पाहिला, आणि त्यातूनच सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हाती लागली: एका महिन्यात तूट होती २०० रुपयांची, दुसऱ्या एका महिन्यात ४,१०० रुपयांची, आणि दोन्ही महिन्यांत दंड मात्र तोच, ३५४ रुपये.

रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी काढलेल्या आणि १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या परिपत्रकात याविषयी पुरेशी स्पष्टता आहे. शिल्लक कमी झाली की बँकेने खातेदाराला संदेश, ईमेल किंवा पत्राने कळवायचे, भर घालण्यासाठी किमान एक महिन्याची मुदत द्यायची, आणि त्यानंतरच दंड लावायचा. दंड सरसकट नसून तुटीच्या प्रमाणात असला पाहिजे. बँकेला त्याचे टप्पे ठरवता येतात, पण दोनशेच्या आणि चार हजारांच्या तुटीला एकच दंड हे त्या नियमात बसत नाही. केवळ दंडाच्या वजावटीमुळे खात्याची शिल्लक उणे होता कामा नये, असेही तेथे म्हटले आहे. संदेशांच्या शुल्काबाबत नोव्हेंबर २०१३ चे निराळे परिपत्रक आहे आणि त्यानुसार हे शुल्क प्रत्यक्ष वापरावर आधारलेले असावे लागते. ही परिपत्रके रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. शाखेत मात्र ती कोणी दाखवत नाही, आणि तक्रारीत परिपत्रकाचा दिनांक लिहिलेला दिसला की समोरच्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

शाखेविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण तेथील वर्तन अपमानास्पद नव्हते, केवळ निष्फळ होते. सांगलीला १९१६ पासून स्वतःची सांगली बँक होती, ती २००७ मध्ये एका मोठ्या बँकेत विलीन झाली. नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था तर पेठेत पावलोपावली आहेत. आत्याचे खाते यांपैकी कोठेही नव्हते, पण तिच्या पिढीची बँकेविषयीची समजूत त्याच व्यवहारातून घडलेली आहे: मॅनेजरसाहेबांना भेटायचे, घरची विचारपूस व्हायची, आणि चूक असेल तर समोरासमोर दुरुस्त व्हायची. विश्रामबागेतील त्या शाखेत दर थोड्या महिन्यांनी माणसे बदलतात, आणि ‘सिस्टीमने आपोआप कापलेत, आमच्या हातात काही नाही’ हे वाक्य मात्र बदलत नाही. एकदा ‘पुढच्या महिन्यात बघू’, एकदा ‘वरती मेल टाकलाय’, एकदा ‘मॅडम सुट्टीवर आहेत’, अशी टोलवाटोलवी चालू राहते. गावभागातून रिक्षा करून घातलेल्या या हेलपाट्यांची कागदावर कोठेही नोंद होत नाही आणि नेमके तेच बँकेच्या पथ्यावर पडते. तोंडी केलेल्या तक्रारीला लोकपालांच्या दारात किंमत नाही. योजनेनुसार तक्रार आधी बँकेकडे लेखी झालेली असली पाहिजे. दुसऱ्या मार्गाने केली असेल, तर ती केल्याचा पुरावा तक्रारदाराला दाखवता आला पाहिजे.

म्हणून पहिला अर्ज हाच या साऱ्या प्रकरणाचा पाया आहे, आणि तो लिहिताना राग बाजूला ठेवावा. आमचा अर्ज एका पानाचा होता. त्यात खाते क्रमांक, वजावटींचा दिनांकवार तक्ता, वर दिलेल्या परिपत्रकांचे दिनांक, मागणी काय आहे ते एका वाक्यात, आणि शेवटी तीन गोष्टींच्या प्रती मागितल्या होत्या: शिल्लक कमी झाल्याची पूर्वसूचना ज्या दिवशी व ज्या क्रमांकावर पाठवली त्याची नोंद, खाते उघडताना मान्य झालेले शुल्कपत्रक, आणि विम्याच्या हप्त्यासाठी आत्याने दिलेली संमती. २०१९ च्या महापुरात गावभागातील कित्येक घरांप्रमाणे आत्याच्या घरातीलही कागदपत्रे भिजून गेली, त्यामुळे खाते उघडतानाचे काहीच आमच्याकडे उरले नव्हते. पण ते कागद बँकेकडे असणे अपेक्षित आहे आणि ती मागणी करण्यात काही गैर नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घेतला. काउंटरवर पोच देण्यास प्रथम नकार मिळाला, तेव्हा त्याच मजकुराचा अर्ज स्पीड पोस्टाने पाठवू आणि पोच नाकारल्याचेही त्यात लिहू, असे सांगितल्यावर शिक्का उमटला. तोच अर्ज बँकेच्या मुख्यालयातील तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवला. तेथून यंत्राने पाठवलेला तक्रार क्रमांक आला आणि त्यापुढे काहीही आले नाही.

या सेवेचा सगळ्यांत मोठा गुण येथे दिसतो. बँकेने तक्रार मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर दिले नाही, उत्तर समाधानकारक दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, की खातेदार लोकपालांकडे जाण्यास पात्र होतो. उत्तर न देणाऱ्या बँकेसमोर माणूस हतबल होतो ही नेहमीची समजूत आहे. या योजनेत उत्तर न देणे हीच बँकेच्या बाजूची उणीव ठरते आणि ग्राहकाला पुढचे दार उघडून मिळते. म्हणून मधल्या महिन्यात आम्ही शाखेत एकदाही गेलो नाही. फोन केले नाहीत, ओळखीच्या कोणाकडून शब्द टाकला नाही. ईमेलला स्मरणपत्रही पाठवले नाही. ज्यांना पाठपुरावा करण्याची सवय आहे त्यांना हे गप्प बसणे जड जाते (आत्यालाही गेले), पण दिनांक असलेली पोच हाती असताना वाट पाहण्याहून अधिक काही करण्याची गरज नसते. बँकेने उत्तर न दिल्यास लोकपालांकडे तक्रार करण्याची मुदत २०२१ च्या योजनेत बँकेकडील तक्रारीपासून एक वर्ष ३० दिवस होती, आणि उत्तर आले असेल तर त्या उत्तरापासून एक वर्ष. ही मर्यादा मात्र पाळलीच पाहिजे. बँकेकडील मूळ तक्रारही १९६३ च्या मुदत कायद्यातील मुदतीच्या आत झालेली असावी लागते, त्यामुळे फार जुन्या वजावटी उकरून काढण्याचा उपयोग होत नाही.

तक्रार नोंदवण्याचे दोन मार्ग आहेत. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार व्यवस्थापन प्रणालीच्या संकेतस्थळावर ती नोंदवता येते, किंवा चंडीगड येथील केंद्रीय स्वीकृती व प्रक्रिया केंद्राकडे टपालाने अथवा ईमेलने पाठवता येते. २०२१ पूर्वी बँका, बिगर बँकिंग वित्तीय कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्यासाठी तीन वेगवेगळ्या लोकपाल योजना होत्या आणि कोणत्या प्रदेशासाठी कोणते कार्यालय हेही पाहावे लागे. १२ नोव्हेंबर २०२१ पासून त्या तिन्ही एकत्र झाल्या आणि कार्यक्षेत्राची अट गेली. चंडीगडच्या केंद्रात कोणत्याही भाषेतील तक्रार स्वीकारण्याची सोय केलेली आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. मराठीत नेटका लिहिलेला अर्ज पाठवायला हरकत नाही. १४४४८ या निःशुल्क क्रमांकावर मराठीत माहितीही मिळते. आम्ही संकेतस्थळाचा मार्ग घेतला, कारण तेथे लगेच क्रमांक मिळतो आणि तक्रार कोठपर्यंत पोहोचली हे पाहता येते.

संकेतस्थळावरचा अर्ज भरताना मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक टाकून सुरुवात होते आणि मग प्रश्नांची मालिका येते: बँकेकडे आधी तक्रार केली का, कधी केली, उत्तर आले का, हेच प्रकरण न्यायालयात किंवा अन्य मंचापुढे आहे का. हे प्रश्न औपचारिक वाटले तरी ते चाळणीचे काम करतात. एखाद्या उत्तरातून असे दिसले की बँकेकडे तक्रारच झालेली नाही किंवा ३० दिवस पूर्ण झालेले नाहीत, की प्रकरण तेथेच थांबते. जोडपत्रांत आम्ही पोच असलेला अर्ज, मुख्यालयाचा तक्रार क्रमांक असलेला ईमेल आणि खुणा केलेला खाते उतारा एवढेच दिले. तक्रारीचा मजकूर लिहिताना बँकेच्या उद्धटपणाविषयी, आत्याच्या वयाविषयी किंवा ‘सामान्य माणसाची लूट’ वगैरे काही लिहिले नाही. योजनेत तक्रारीचा आधार एकच आहे, सेवेतील त्रुटी, आणि त्रुटी दाखवायची म्हणजे नियम कोणता आणि त्याविरुद्ध घडले काय, हे शेजारी शेजारी मांडायचे. परिच्छेद जितका कोरडा तितका तो कामाचा ठरतो.

लोकपालांच्या कार्यालयाने तक्रार बँकेकडे पाठवल्यावर बँकेला १५ दिवसांत लेखी म्हणणे आणि कागदपत्रे द्यावी लागतात. तसे न केल्यास लोकपाल उपलब्ध पुराव्यावरून एकतर्फी निर्णय देऊ शकतात, आणि कागदपत्रे न दिल्यामुळे विरुद्ध गेलेल्या अशा निवाड्यावर बँकेला अपील करता येत नाही. मौनाची किंमत येथे दुसऱ्यांदा वसूल होते. आमच्या प्रकरणात ती वेळ आली नाही, कारण एवढे दिवस कोणाच्याही हातात नसलेली गोष्ट एकाएकी सर्वांच्या हातात आली. शाखेतून आत्याला फोन आला, आवाजात कमालीचा आदर होता, ‘काकू, तुम्ही आम्हाला आधी सांगायचं ना’ असेही म्हणून झाले. प्रस्ताव असा होता की बँक सदिच्छा म्हणून १,५०० रुपये जमा करील, आणि आत्याने तक्रार मागे घेतल्याचे संकेतस्थळावर नोंदवावे किंवा तशा पत्रावर सही द्यावी, म्हणजे ‘विषय मिटेल’.

या टप्प्यावर बरेच जण फसतात असे मला वाटते, आणि त्याचे कारण लोभ किंवा भीती नसून भिडस्तपणा आहे. आदराने बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणणे आपल्याकडे अवघड जाते. आत्यानेही फोन माझ्याकडे दिला. आमचे म्हणणे आम्ही लेखी कळवले: प्रस्ताव लोकपालांच्या कार्यालयामार्फत लेखी यावा, आणि पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यानंतरच तक्रारीविषयी बोलू. ‘सदिच्छा’ या शब्दालाही आम्ही हरकत घेतली, कारण चुकीने घेतलेले परत करणे ही कोणाची सदिच्छा नसते. तडजोडीने वाद मिटवणे हे लोकपालांच्या कामाचेच अंग आहे आणि त्यात वावगे काही नाही. मात्र ती तडजोड नोंदीवर असावी, फोनवर नसावी.

बँकेच्या लेखी उत्तरात बचाव असा होता की पूर्वसूचनेचे संदेश प्रत्येक वेळी पाठवलेले आहेत. पाठवले होते हे खरेच होते, फक्त ते गेले होते आत्याच्या दिवंगत यजमानांच्या क्रमांकावर, जो बंद झालेला होता. त्यांच्या निधनानंतर खाते एकट्या आत्याच्या नावावर झाले तेव्हाच तिने क्रमांक बदलण्याचा अर्ज दिला होता आणि सुदैवाने त्याची शिक्का असलेली पोच तिच्या ट्रंकेत सापडली. म्हणजे ज्या क्रमांकावर संदेश पाठवू नका असे लेखी सांगितले, त्याच क्रमांकावर पाठवलेल्या संदेशांसाठी बँक दर तिमाहीला १७ रुपये ७० पैसे घेत होती, आणि तेच संदेश दंडाची पूर्वसूचना म्हणून दाखवत होती. एवढा एक कागद जोडल्यावर वादाचा कणा मोडला. तुटीच्या प्रमाणाचा मुद्दा बँकेने खोडूनही काढला नाही आणि मान्यही केला नाही; त्यावर तिच्या उत्तरात एक अक्षर नव्हते.

पैसे जमा झाले ते २,४०० रुपये. आठ महिन्यांचे तीनशेप्रमाणे बरोबर, पण प्रत्येक महिन्याचे ५४ रुपये कर म्हणून घेतलेले ४३२ रुपये त्यात नव्हते. कर सरकारकडे गेला, तो आमच्याकडे नाही, असे स्पष्टीकरण आले. कर ज्या शुल्कावर बसला ते शुल्कच चुकीचे होते असे मान्य केल्यावर कराला आधार उरत नाही, आणि तो सरकारकडून कसा समायोजित करून घ्यायचा हा बँकेच्या हिशेब विभागाचा प्रश्न आहे, खातेदाराचा नव्हे. हे लोकपालांच्या कार्यालयाला कळवल्यावर उरलेले ४३२ आणि संदेशांचे १०६ रुपये २० पैसे जमा झाले. ज्यांना अशी रक्कम परत मिळते त्यांनी जमा नोंद आपल्या तक्त्याशी पैपैशाने ताडून पाहावी, कारण परतावा करांशिवाय देण्याचा हा प्रकार माझ्या ओळखीतील आणखी एका खात्यातही झाला आहे.

विम्याच्या २० रुपयांची गोष्ट वेगळी आणि थोडी गमतीची आहे. सुरक्षा विमा योजनेचा हप्ता १ जून २०२२ पासून १२ वरून २० रुपये झाला. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस तो खात्यातून वळता होतो आणि त्या बदल्यात अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. मात्र त्यासाठी खातेदाराची संमती लागते आणि बँकेला आत्याच्या सहीचा कागद दाखवता आला नाही, म्हणून ते ४० रुपयेही परत आले. योजनेची माहिती कळल्यावर आत्याचे म्हणणे असे पडले की वर्षाला वीस रुपयांत हे काही वाईट नाही, आणि तिने पुढच्या वर्षासाठी फॉर्म स्वतः मागून घेऊन भरला, कारण वयाची मर्यादा ७० असल्याने तिला अजून अवकाश आहे. योजनेबद्दल तिची तक्रार कधीच नव्हती. तिला विचारले गेले नाही, याबद्दल होती.

आता या सेवेच्या उणिवा, किंवा अधिक नेमके म्हणायचे तर मर्यादा. बँकेचा व्यावसायिक निर्णय, म्हणजे कर्ज द्यायचे की नाही यासारख्या बाबी, लोकपाल पाहत नाहीत. किमान शिल्लक ५,००० का, ५०० का नाही, हा प्रश्नही तेथे चालत नाही; जाहीर केलेले शुल्क नियमाप्रमाणे लावले का, एवढेच चालते. त्यामुळे ज्यांना पूर्वसूचना योग्य क्रमांकावर मिळाली आणि दंड तुटीच्या प्रमाणात लागला, त्यांनी या मार्गाने परताव्याची अपेक्षा ठेवू नये. नागरी सहकारी बँकांना योजना लागू आहे, पण अनुसूचित नसलेल्या (म्हणजे रिझर्व्ह बँक कायद्याच्या परिशिष्टातील यादीत नाव नसलेल्या) नागरी बँकेची ठेव किमान ५० कोटी असावी लागते. पतसंस्था तर यात मुळीच येत नाहीत, कारण त्यांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नाही. आपल्या जिल्ह्यात ज्यांचा सारा व्यवहार पतसंस्थेत आहे त्यांच्यासाठी ही मर्यादा लहान नाही, त्यांना सहकार खात्याच्या निबंधकाकडेच जावे लागते. नुकसानभरपाईची मर्यादा २० लाख, आणि गेलेला वेळ, खर्च व मनस्ताप यांपोटी आणखी १ लाखापर्यंत अशी तरतूद २०२१ च्या योजनेत होती. आम्ही मनस्तापापोटी काही मागितले होते, ते मिळाले नाही. समेटाने मिटलेल्या प्रकरणात ते मिळणे कठीणच असते आणि त्यासाठी निवाड्यापर्यंत ताणण्याची आत्याची इच्छा नव्हती. निवाडा झालाच, तर तो मान्य असल्याचे पत्र तक्रारदाराने ३० दिवसांत द्यावे लागते, नाही तर निवाडा निष्प्रभ होतो, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट माझ्या मते सेवेच्या रचनेतच राहिलेली आहे. २०२३-२४ या वर्षात रिझर्व्ह बँकेकडे या योजनेखाली ९ लाखांहून अधिक तक्रारी आल्या. एवढ्या गर्दीत प्रत्येक तक्रार कागदावर जशी मांडली आहे तशीच वाचली जाणार, मागे काय असेल याचा शोध कोणी घेणार नाही. ज्याला तक्ता करता येतो, इंग्रजी परिपत्रक वाचता येते आणि संकेतस्थळावर जोडपत्रे चढवता येतात, त्याला ही सेवा उत्तम आहे. आत्याला एकटीला ती वापरता आली नसती, आणि वसंतदादा मार्केट यार्डात हमाली करून बँकेत खाते सांभाळणाऱ्या माणसाला तर नाहीच. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला बचत गट किंवा महाविद्यालयातील वाणिज्य शाखेचे विद्यार्थी यांनी महिन्यातून एक दिवस बसून लोकांचे खाते उतारे वाचून द्यावेत, एवढे जरी झाले तरी बरेच पैसे आपापल्या खात्यांत परत येतील.

जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्गही खुला असतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात तेथेही शुल्क नाही. मोठी रक्कम, खोटी सही किंवा कर्जखात्यातील गुंतागुंतीचा वाद असेल तर मी तोच निवडीन. तीन हजारांच्या आतील वजावटीसाठी तारखा घेत बसण्यापेक्षा लोकपाल बरे. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही, त्यामुळे आधी ठरवावे.

परतावा मिळाल्यानंतर आत्याने ते खाते बंद केले नाही, त्याच बँकेत त्याचे मूलभूत बचत ठेव खात्यात रूपांतर करून घेतले. २०१२ पासून प्रत्येक बँकेला असे खाते देणे बंधनकारक आहे. त्यात किमान शिल्लकेची अट नसते, एटीएम कार्डाला वार्षिक शुल्क नसते आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. त्याच बँकेत दुसरे बचत खाते मात्र ठेवता येत नाही. आत्याच्या गरजेला ते पुरेसे आहे. शाखेने हा पर्याय तिला दंडाच्या पहिल्या महिन्यात सुचवला असता तर पुढचे काहीच करावे लागले नसते. लोकपाल सेवेला मी पाचपैकी चार गुण देते, आणि राखून ठेवलेला एक गुण पतसंस्थांच्या खातेदारांसाठी आणि ज्यांना संकेतस्थळाचा अर्ज स्वतः भरता येत नाही त्यांच्यासाठी आहे. बँकेला गुण देण्याचा विषय नाही. आत्याने खाते ठेवले आहे, ते केवळ शाखा तिच्या डॉक्टरांच्या दवाखान्याशेजारी आहे म्हणून.